गावात नव्याने राहायला जाताय? आधी काळी आणि पांढरी ओळखा

आम्ही पुण्याहून पुरंदर तालुक्यातल्या एका लहान गावात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या तात्यांनी सांगितलं, "ताई, ते काम ना, भाऊसाहेबांकडे होईल." मी ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेब दुसऱ्या गावाला गेले होते, दोन तास थांबले. ते आले, कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हे माझ्याकडे नाही, भाऊसाहेबांकडे आहे." आपल्याकडे ग्रामसेवकालाही भाऊसाहेब म्हणतात आणि तलाठ्यालाही. गावातल्या माणसाला कुठला भाऊसाहेब ते कामावरून कळतं. नव्या माणसाला कळत नाही, आणि त्यात त्याचे महिने जातात.

पुढे उमगलं की माझ्या बहुतेक चकरा एकाच गोष्टीमुळे झाल्या होत्या. जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. या दोन्हींचे नकाशे, दप्तरं, कर आणि अधिकारी आजही वेगळे आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला कागद कुठे मिळेल हे आपलं आपल्याला सांगता येतं. गावात घर घेणाऱ्यांसाठी, शेती करायला येणाऱ्यांसाठी आणि आजोबांच्या गावी परतणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. उदाहरणं आमच्या तालुक्यातली आहेत, पण कायदे आणि दप्तरं बहुतांशी महाराष्ट्रभर तीच.

१. गावाचं पूर्ण नाव नक्की करा

हे क्षुल्लक वाटेल, पण इथूनच चूक सुरू होते. एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन-तीन गावं असतात. बुद्रुक आणि खुर्द ही तर जोडगावं. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. बोलताना लोक बुद्रुक-खुर्द गाळून टाकतात, कागदावर मात्र ती दोन स्वतंत्र महसुली गावं असतात. ऑनलाइन सातबारा काढताना यादीतलं चुकीचं गाव निवडलं तर त्याच गट क्रमांकाची भलत्याच माणसाची जमीन समोर येते, आणि नावं ओळखीची नसल्याने नव्या माणसाला ते लक्षातही येत नाही.

तीन नावं वेगवेगळी लिहून ठेवा:

- महसुली गाव: सातबाऱ्यावर असतं ते. सातबाऱ्याच्या वरच्या भागात गावाच्या नावाबरोबर एक कोड छापलेला असतो, तोही टिपून ठेवा.
- ग्रामपंचायत: ही एका गावाची असेल किंवा दोन-चार गावांची मिळून गट ग्रामपंचायत असेल. गट असेल तर कार्यालय कुठल्या गावात आहे ते विचारा.
- वाडी, वस्ती, मळा किंवा पाडा: तुम्ही प्रत्यक्ष राहता ती जागा. पोस्टमन आणि दूधवाला हेच नाव ओळखतात, पण सरकारी अर्जात एवढंच लिहिलं तर अर्ज परत येतो.

आमची वस्ती जवळच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि सगळा व्यवहार त्याच गावाशी. तरी ओढ्याच्या अलीकडे असल्यामुळे ती महसुलीदृष्ट्या दुसऱ्या गावात येते. ओढा हीच शीव. हे नकाशा पाहीपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं.

२. नकाशा काढा, मग शिवार फिरा

भूमी अभिलेख विभागाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गावाचा नकाशा गट क्रमांकांसह पाहता येतो. जुन्या गाव नकाशाची प्रत हवी असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो नकाशा घ्याच, कारण त्यावर वाटा आहेत. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. कडेने लगतच्या गावांची नावं असतात, त्यामुळे शीव कुणाकुणाशी लागते तेही कळतं.

नकाशा हातात घेऊन एक सकाळ शिवार चाला. शक्यतो गावातलं जुनं माणूस बरोबर घ्या आणि फक्त विचारत राहा. आमच्याबरोबर शेजारचे अण्णा आले होते. त्यांनी तीन तासांत जे दाखवलं ते मला कुठल्याही कार्यालयात मिळालं नसतं.

पुरंदर तालुका नीट पाहिला तर जमिनीची रचना सहज कळते. पश्चिमेला पुरंदर-वज्रगडाचे डोंगर, तिकडेच गराड्याच्या बाजूला कऱ्हा उगम पावते आणि सासवड, जेजुरीवरून पूर्वेला वाहत पुढे बारामती तालुक्यात नीरेला मिळते. दक्षिणेची हद्द नीरेची. पश्चिमेला पाऊस बरा, पूर्वेला सरकत जावं तसा कमी, कारण तो पर्जन्यछायेचा भाग. डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड माळ, नदीकडे काळी भारी जमीन. अंजीर आणि सीताफळाच्या बागा इथे का टिकल्या ते त्या माळावर उभं राहिलं की समजतं.

प्रत्येक गावात हाच क्रम लहान प्रमाणात असतो. गावठाण बहुधा उंचवट्यावर, ओढ्यापासून जवळ पण पुराच्या पाण्याबाहेर. वेशीवर मारुती. डोंगराकडची जमीन गायरान किंवा वनखात्याची. ओढ्यावर खालच्या अंगाला बंधारा, वर पाझर तलाव. शिवार फिरताना या गोष्टी नकाशावर खुणा करून ठेवा:

- ओढे-नाले कुठून येतात आणि पावसाळ्यात कुठवर पसरतात
- गायरानाची हद्द
- वनखात्याची हद्द
- गावची पिण्याच्या पाण्याची विहीर
- शिवरस्ता, म्हणजे दोन गावांच्या शिवेवरून जाणारा रस्ता, आणि पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट
- स्मशानभूमी आणि तिकडे जाणारी वाट

यातल्या ओढ्याविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण नवी माणसं सर्वांत जास्त इथेच फसतात. उन्हाळ्यात जागा पाहायला आलं की ओढा म्हणजे कोरडी घळ दिसते. काही विक्रेते ती मुरूम टाकून सपाट करून ठेवतात. आमच्या जवळच एका कुटुंबाने असा तुकडा घेतला. दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्याने आपली जुनी वाट शोधली आणि कुंपण, रोपं, मुरूम सगळं घेऊन गेलं. नकाशावर तो ओढा ठळक होता. म्हणून जागा एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात पाहा, आणि मधल्या काळात कुणी कितीही घाई केली तरी इसार देऊ नका.

गायरानाचंही तसंच. "पंधरा वर्षं आमच्या ताब्यात आहे, कुणी विचारत नाही" असं सांगून गायरानाचा तुकडा विकणारे भेटतात. गायरान ही गावाच्या गुरांसाठी राखलेली सार्वजनिक जमीन. ताबा कितीही जुना असला तरी ती विकायचा हक्क कुणालाच नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या जगपालसिंग निकालानंतर अशी अतिक्रमणं नियमित होण्याच्या आशेवर तर मुळीच राहू नये.

३. तीन शिड्या ओळखा

गावच्या कारभाराच्या तीन वेगवेगळ्या शिड्या आहेत. एका शिडीवरची तक्रार दुसऱ्या शिडीवर नेली तर ती तिथेच पडून राहते.

पांढरीची शिडी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८चा. सदस्य लोकसंख्येनुसार ७ ते १७, मुदत पाच वर्षं, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. सरपंच २०१७पासून थेट लोकांमधून निवडला जाऊ लागला, २०२०मध्ये ते थांबलं आणि २०२२पासून पुन्हा सुरू झालं. उपसरपंच मात्र सदस्यच निवडतात. दप्तर सांभाळणारा नोकर म्हणजे ग्रामसेवक. २०२४पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, तरी गावात जुनं नावच चालतं. त्यांच्या वर पंचायत समितीत गटविकास अधिकारी आणि त्याही वर जिल्हा परिषद.

काळीची शिडी महसूल खात्याची. पायथ्याशी तलाठी, ज्यांना २०२४पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्या हद्दीला सज्जा म्हणतात आणि एका सज्जात एकाहून अधिक गावं असू शकतात, म्हणून तलाठी रोज तुमच्या गावात भेटतीलच असं नाही. कुठल्या वारी कुठे बसतात ते विचारून घ्या. वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, आणि जिल्हाधिकारी. पोलीस पाटलांची नेमणूकही याच बाजूने, प्रांतांकडून होते.

तिसरी शिडी भूमी अभिलेखाची. मोजणी, नकाशे, गावठाणातल्या मिळकतीची पत्रिका हे सगळं तिथे. तलाठी सातबारा देतात पण जमीन मोजून देत नाहीत. हद्दीवरून वाद असेल तर तलाठ्यांशी भांडण्यात अर्थ नसतो, मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखाकडेच करावा लागतो.

आणखी काही खाती या तिन्ही शिड्यांच्या बाहेर आहेत. वीज महावितरणकडे, जंगल वनखात्याकडे, कालव्याचं आणि उपसा योजनेचं पाणी जलसंपदा खात्याकडे. आमच्याकडे मुळा-मुठेचं पाणी उचलून आणणारी पुरंदर उपसा योजना आहे. तिचं पाणी कधी सुटणार हे मी सुरुवातीला सरपंचांना विचारत असे. ते बिचारे फोन करून विचारून सांगायचे, पण तो निर्णय त्यांच्या हातातला नव्हता.

४. सातबारा वाचायला शिका

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो. तो काढणं सोपं आहे, वाचणं शिकावं लागतं. हा दोन नमुन्यांचा कागद आहे. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना १२ म्हणजे तीत काय पिकतं.

नावाखालोखाल पाहायची गोष्ट म्हणजे भूधारणा पद्धती. भोगवटादार वर्ग १ म्हणजे मालकाला जमीन विकायला साधारणपणे परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर ती बहुधा सरकारने काही अटींवर दिलेली जमीन असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. "परवानगी नंतर काढू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग क्षेत्र. ते हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. १ हेक्टर म्हणजे १०० आर. गावात बोलतात गुंठ्यात: ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. आर साधारण १,०७६ चौरस फुटांचा, म्हणून आर आणि गुंठा एकच धरून चालतात. लहान तुकड्यात फरक पडत नाही, पण दर गुंठ्यावर ठरत असेल तर हिशेब चौरस मीटरवर करा. क्षेत्राखाली पोटखराबा लिहिलेला असतो. त्यातला वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कारणाखाली गेलेली जमीन. तिचे पैसे मोजण्यात काही हशील नाही.

सर्वांत सावकाश वाचायचा रकाना 'इतर अधिकार'. बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क हे सगळं तिथे येतं. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफार क्रमांक असतो. ते फेरफार, म्हणजे हक्क कसा बदलला हे सांगणाऱ्या गाव नमुना ६मधल्या नोंदी, एकेक करून काढा. निदान मागच्या तीस वर्षांचे तरी. एका जमिनीच्या फेरफारात आम्हाला वारस नोंदीतून दोन बहिणींची नावं गळालेली दिसली. तो व्यवहार आम्ही सोडला.

आणि मुळातली अट: महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. आमच्या भागात लागू असलेल्या १९४८च्या कूळ कायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. घरात कुणाच्या नावे जमीन असेल तर त्यावरून शेतकरी असल्याचा दाखला निघतो का, ते तहसील कार्यालयात आधी विचारा. गुंठे-दोन गुंठे पाडून विकलेल्या तुकड्यांबाबत तुकडेबंदीचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत. अशा तुकड्याचा दस्त होईल का, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन विचारा.

दस्त नोंदला की फेरफार धरला जातो आणि संबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. शेती करणार असाल तर ई-पीक पाहणीच्या ॲपवरून स्वतःचा पीकपेरा दर हंगामात नोंदवा. ती नोंद नसेल तर पीक विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते.

५. घराचा कागद: दोन 'आठ'चा घोळ

हा सापळा मी स्वतः भोगला आहे. बँकेत सांगितलं, "आठ-अ आणा." मी ग्रामपंचायतीतून आठचा उतारा नेला. तो चालला नाही.

गाव नमुना ८ अ तलाठ्यांकडचा. एका खातेदाराची त्या गावात एकूण किती शेतजमीन आहे ते त्यात असतं. ग्रामपंचायत नमुना ८ वेगळा. ती ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, त्यात घर, त्याचं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि घरपट्टी असते. नाव जवळपास सारखं, पण एक काळीचा आणि दुसरा पांढरीचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ मालकीचा पुरावा नाही. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची एवढंच तो सांगतो. गायरानात बांधलेल्या घरालाही घरपट्टी लागू शकते, त्याने ती जमीन तुमची होत नाही. गावठाणातलं घर घेताना जुनं खरेदीखत पाहा आणि मिळकत पत्रिका किंवा सनद आहे का ते विचारा. पूर्वी बऱ्याच गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. ड्रोनने गावठाण मोजण्याचा राज्यातला पहिला प्रयोग आमच्याच तालुक्यात, मल्हारगडाच्या पायथ्याशी असलेल्या सोनोरी गावात झाला. पुढे २४ एप्रिल २०२०ला केंद्राची स्वामित्व योजना आली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका भूमी अभिलेखाकडे मिळेल.

बांधकामाची परवानगीही जागेवर ठरते. गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीकडे अर्ज जातो. गावठाणाबाहेर जमिनीचा वापर, प्रादेशिक योजनेतला विभाग हे सगळं येतं आणि परवानगी नियोजन प्राधिकरण किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लागते. पुणे जिल्ह्यातली बरीच गावं पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहेत. शेतात घर बांधायला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरेसा आहे असं तुम्हाला छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका.

घर नावावर झालं की ग्रामपंचायतीत नमुना ८ला नोंद लावून घ्या. अर्जासोबत खरेदीखताची प्रत, आधीच्या मालकाची कर थकबाकी नसल्याचा दाखला आणि ओळखपत्र लागतं. थकबाकी आधीच तपासा. नळ तोडायला माणूस येतो तेव्हा तो तुमच्या दारात येतो, जुन्या मालकाच्या नाही.

६. पाणी आणि वाट: इथे माणसं दुरावतात

कागदाची भांडणं कार्यालयात होतात, पाण्याची आणि वाटेची बांधावर. त्यामुळे या दोन बाबतीत घाई मुळीच नको.

बोअर घ्यायच्या आधी गावची पिण्याच्या पाण्याची विहीर किती लांब आहे ते पाहा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजल कायद्याने बंधन आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपला इथला दगड बसाल्टचा. पाणी मुरलेल्या थरात आणि भेगांत साठतं. तुमच्या खोल बोअरने शेजारच्याची विहीर आटली तर पुढची वीस वर्षं त्याच्याशी बोलणं नीट होणार नाही. आमच्या शेजाऱ्यांना आम्ही आधी विचारलं, जागा त्यांनी सुचवली आणि ती निघालीही बरी. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं गावानेच ठरवलं आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवली. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात घडलेलं ते काम पाहायला एकदा जरूर जा.

वाटेचं असं आहे: शेताला वाट आहे का, हा प्रश्न जमीन घेण्याआधीचा. विक्रेता ज्या वाटेने तुम्हाला नेतो ती त्याच्या भावाच्या बांधावरून, नात्याच्या भरवशावर चालत असते. ती वाट त्याच्या नात्याची असते, तुमचा त्यावर हक्क नसतो. नकाशावर वाट आहे का आणि सातबाऱ्याच्या इतर अधिकारात नोंद आहे का, दोन्ही पाहा. बांधावरून नवी वाट मागायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली तहसीलदारांकडे अर्ज असतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५, आणि तो अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पण आधी पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीतली जाणती माणसं आणि दोन्हीकडचे वडीलधारे यांना एकत्र बसवा. मी पाहिलेली निम्मीअधिक प्रकरणं चहावर मिटली आहेत.

७. मतदार यादीत नाव, आणि मग ग्रामसभा

गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तोच ग्रामसभेचा सदस्य. घर घेतलं, घरपट्टी भरली, तरी यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत तुमचं मत धरलं जात नाही. शहरातलं नाव गावात आणायला फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइन किंवा गावातल्या बीएलओंकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. बहुतेक ठिकाणी हे काम शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई पाहतात.

ग्रामसभा वर्षातून निदान चार व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. नोटीस सात दिवस आधी फळ्यावर लागते, दवंडी होते, आता गावच्या व्हॉट्सॲप गटावरही येते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मोठे निर्णय कधी कधी या दुसऱ्या सभेत मोजक्या माणसांत होऊन जातात. म्हणून सभा तहकूब झाली की पुढची तारीख तिथेच विचारून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा. महिलांची ग्रामसभा वेगळी होते. बायकांनो, ती चुकवू नका. नळ, शाळा, दारू हे विषय तिथे जितके मोकळेपणाने निघतात तितके मुख्य सभेत निघत नाहीत.

सदस्यांची मासिक सभा वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. "ठराव झालाय" असं कुणी सांगितलं तर कुठल्या सभेत झाला आणि त्याचा क्रमांक काय, एवढं विचारा.

पहिल्या दोन सभांना मागे बसून नुसतं ऐकावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. कोण कुणाच्या भावकीतला, कुठला वाद जुना आहे, हे कळल्याशिवाय बोललेलं वाक्य नको त्या अर्थाने घेतलं जातं. मी पहिल्याच सभेत कचऱ्यावर बोलले. मुद्दा बरोबर होता, पण ज्या जागेचं नाव घेतलं तिच्यावरून दोन घरांत खटला चालू होता. तिसऱ्या सभेत लेखी प्रश्न आधी देऊन मग बोलले तेव्हा काम झालं.

८. गावाचा पैसा कुठून येतो ते पाहा

ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आणि गाळ्यांची भाडी. लहान गावात ते थोडंच असतं, म्हणून तुमची घरपट्टी खरंच मोलाची आहे. या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. मोठा हिस्सा मात्र वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्यामुळे पैसा असूनही त्यातून समाजमंदिर का होत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या बंधनात असतं.

वर्षाचा विकास आराखडा ग्रामसभेतून जातो आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात. सभेला जाण्याआधी ते पाहून जा. काही कळलं नाही तर ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांना निवांत वेळी विचारा. एकाच माणसाकडे जन्म-मृत्यू नोंदणीपासून ग्रामसभेच्या इतिवृत्तापर्यंत सगळं असतं, सभेच्या दिवशी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, पण नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात तो टाकू नये. तोंडी विचारून, मग साधा लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, तरीही मिळालं नाही तर मग तो मार्ग आहेच.

९. एक फाइल करा, तिचे दोन कप्पे

काळीचा कप्पा:
- सातबारा, गाव नमुना ८ अ, जुने फेरफार
- गाव नकाशा, मोजणी झाली असेल तर 'क' प्रत (मोजणीचा नकाशा)
- खरेदीखत, इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा)
- शेतकरी असल्याचा दाखला

पांढरीचा कप्पा:
- ग्रामपंचायत नमुना ८चा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या
- मिळकत पत्रिका किंवा सनद
- बांधकाम परवानगी
- वीजबिल, मतदार यादीतला भाग क्रमांक
- तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह

एक बारीक गोष्ट या फाइलच्या निमित्ताने. जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे होते. बाळ पुण्याच्या दवाखान्यात जन्मलं तर दाखला पुण्यातच मिळेल, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. आणि नोंद २१ दिवसांच्या आत झाली की पुढचा त्रास वाचतो.

घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी सुधारते. तेव्हा हरकतीची मुदत फळ्यावर लागते आणि लवकर संपते. ग्रामपंचायतीवरून जाताना तो फळा वाचायची सवय लावून घ्या. आमच्याकडे तो दाराच्या डाव्या हाताला आहे, पाण्याच्या टाकीशेजारी, आणि सोमवारी बाजाराला जाताना मी तिथे दोन मिनिटं थांबते.